दाबून बांधलेलं बोट

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरला दाभण लागलं यात नवल ते काय! असल्या जखमा तर तो अंगावर मिरवायचा. पण या खेपेला गंजकं दाभण उजव्या हाताच्या तर्जनीत खोल घुसलं आणि सकाळपर्यंत बोट टम्म फुगलं. लालबुंद, तापलेलं, ठणकणारं.

"अगं, खळ पिऊन पुठ्ठा फुगला की आपण काय करतो?" तो बायकोला म्हणाला. "दाबून ठेवतो. आण ती पट्टी."

बायकोनंही मागचापुढचा विचार न करता पुस्तकाच्या पाठीला लावायची कापडी पट्टी बोटावर करकचून गुंडाळली. दोघांची हयात पुस्तकं दाबण्यात गेलेली, दुसरं सुचणार तरी काय? दुसऱ्या दिवशी ठणका थांबला. "बघ, उतार पडला!" म्हणत स्वारी खूश. मग अंगात ताप भरला, घाबरून पट्टी सोडली, तर बोट काळंनिळं पडलेलं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तडकल्याच. "अहो, जखम झाली की भोवतालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरतात. त्यातून पांढऱ्या पेशी धावत येतात, जंतू खातात, मेलेलं मांस साफ करतात. लाली, सूज, ठणका ही सगळी त्या कामाचीच धावपळ. ती फार वाढली तर आवरायला आम्ही आहोत ना! तुम्ही तर रक्ताचा रस्ताच बंद केलात."

"मीच बांधली हो," बायको रडकुंडीला आली.

"आता जखम मोकळी केलीय, औषध चालू आहे. संध्याकाळपर्यंत बोटात ऊब आली, कळ आली, तर बरं. नाहीतर बोट काढावं लागेल. ते ठेवून बसलो तर हात जाईल, कदाचित माणूसही."

"बोट गेलं तर सुई कशात धरू?" बाइंडर एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

बायको खाटेला चिकटून बसली. लाल हो रे बाबा, तापून नीघ, त्यांना बोंबा मारायला लाव, पण जागा हो! असं ती मनातल्या मनात विनवत होती. दर थोड्या वेळानं बोटाला हात लावून बघायची. बोट थंडगार.

खिडकीबाहेर दिवे लागले. तिनं भीतभीतच विचारलं, "अहो, दुखतंय का?"

"दुखतंय ना! जीव जातोय नुसता!" तो तिच्याकडे वळून म्हणाला.

तिला हसावं की रडावं कळेना. तिनं हळूच चादरीखाली हात घातला आणि त्या बोटाच्या टोकाला नख लावलं. मग जोर लावला. मग आणखी.

"बाईंना सांग, फार ठणकतंय म्हणावं," तो सांगतच होता. "आता बरं होणार, बघ तू. घरी अर्धवट राहिलेल्या त्या जाड पुस्तकाची शिलाई मीच करणार."

नख पार रुतलं होतं. त्याचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

ती उठली.

"सांगतेस ना?"

"सांगते," ती म्हणाली. बाहेर जाऊन तिनं डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात धरले. "ते हो म्हणणार नाहीत, बाई. त्यांना समजवा, आणि काढून टाका बोट. आत्ताच काढा."