ठिबकाचा गजर

दोन वर्षांपूर्वीच्या तापातून मी उठले, पण अंगातला थकवा काही उठला नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडलेलं. शेवटी बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराला नाव दिलं आणि बजावलं, "बरं वाटेल त्या दिवशीच जास्त जपा. दमायच्या आधी थांबायचं."

मी कसली जपतेय! काटेवाडीत बरं वाटणं म्हणजे कामाला लागणं. त्यात सासूबाई, द्वारकाबाई, शेजारणीला ऐकू जाईल अशा म्हणायच्या, "रिपोर्ट तर समदं चांगलं हायती, मग हिला काय धाड भरलीया?" म्हणून बऱ्या दिवशी मी गोठा, धुणं, भांडी एका दमात उरकायची आणि पुढं चार दिवस अंथरुणात. त्यापायी दूध केंद्रावरचं माझं काम जायला आलं. आणखी एक खाडा झाला की दुसरी बाई ठेवणार होते. मला ते काम जिवापाड हवं होतं. तिथं मी कुणाची सून नसते, उत्कर्षा मॅडम असते.

घटस्थापनेच्या आधी घरातल्या नऊ गोधड्या धुवायला काढल्या. पहिली पिळतेय, तोच सासरे दारात आले.

"खालचं रान पांढरं कशानं पडलं, ठावं हाय?"

"न्हाय, मामा."

"ऊस हिरवागार दिसला की आनखी पाणी पाजायचो. खालचं मीठ वर आलं, आता तितं काय बी उगवत न्हाय. मीच चोपण केलं ते. वरच्या रानाला ठिबकानं मोजून पाणी दिलं, ते टिकलं. तू खालच्या रानावानी चाललीयास, पोरी."

मला रडूच फुटलं. घरातल्या कुणीतरी माझा आजार खरा मानला होता. सासूबाई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या.

मामा ठिबकाच्या मोटरीसाठी फोनवर गजर लावतात, तसाच त्यांनी मला लावून दिला. वीस मिनिटं काम, मग विसावा, काम अर्धं राहिलं तरी. आठ गोधड्या तशाच राहिल्या. थकवा गेला नाही, पण महिनाभर खाडाही झाला नाही.

एका सकाळी केंद्रावर दुधाची फॅट तपासताना गजर वाजला. रांगेतून बानूबाई ओरडल्या, "गजर लावून बसायचं काम व्हय हे? आमी काय उभंच ऱ्हायचं?"

मी ओशाळून उभीच राहिले. तेवढ्यात रांगेच्या मागून आवाज आला. किटली घेऊन सासूबाई उभ्या होत्या.

"मी बी उभीच हाय न्हवं? बसू दे तिला पाच मिनिटं. रान चोपण झाल्यावर खत घालून काय उपेग, बानूबाई?"

मी खुर्ची ओढली आणि चारचौघांत, लाज न वाटता बसले.