कॉडला ऊब सोसत नाही

उत्तरेकडच्या थंड समुद्राकाठच्या सुदुरेयरी गावात ऊब सढळ. जमिनीतलं गरम पाणी खोल्या तापवायला नळ्यांतून घराघरांत खेळवलेलं. फार उकडलं की लोक खिडकी उघडतील, पण पाण्याचा नळ काही कमी करणार नाहीत. केटिल तर जन्मभर समुद्रावर मासे धरत गारठलेला. गार खोली दिसली की त्याचा हात आपसूक नळाकडे जायचा.

त्याची बायको दिर्फिना मासळीच्या कारखान्यात होती. कापून उरलेली कॉड माशाची कातडी ती धुऊन आंबट पाण्यात भिजत घाली. त्यातून जेलीसारखं कोलॅजन निघे. ते राजधानीत सुकवून पट्ट्या करत, चिघळलेल्या जखमांवर लावायला. साखरेच्या आजारानं केटिलच्या टाचेला तसलीच जखम झालेली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, येणाऱ्या पट्ट्यांतल्या काही तुझ्यासाठी राखून ठेवल्यात. पट्ट्यांनीही जमलं नाही तर पाऊल कापावं लागेल.

एका संध्याकाळी तो लंगडत बायकोला न्यायला गेला. जेलीची भांडी ठेवलेल्या गार खोलीत ती कातडी धूत होती, बोटं लालभडक. कळवळला बिचारा. तिची पाठ वळल्यावर त्यानं खोली तापवणारा गरम पाण्याचा नळ पुरता सोडला, वर कुणाला सांगितलंही नाही. भलेपणा तरी किती करावा माणसानं!

सकाळी भांड्यांतल्या जेलीचं पाणी झालेलं.

दिर्फिनानं त्याची चांगली खरडपट्टी काढली. जन्मभर कॉड धरलास आणि त्या थंड पाण्यातल्या जिवाला ऊब सोसत नाही, एवढं कळलं नाही तुला? स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलास.

"तुझे हात बघवेनात गं," केटिल म्हणाला.

त्यावर तिला रडूच आलं. डोळे पुसून तिनं नवी कातडी भिजत घातली. केटिल रोज कोट घालून त्या खोलीत कुडकुडत बसे, कुणाला नळाला हात लावू देत नसे. माल उशिरा गेला, पट्ट्याही उशिरा आल्या. तोवर दोघांच्या जिवात जीव नव्हता.

पुढे एकदा डॉक्टरीणबाईंनी टाचेवरची पट्टी सोडून पाहिली. जखमेच्या कडेनं गुलाबी कातडी धरली होती. पाऊल राहणार होतं.

घरी आल्यावर दिर्फिनानं बर्फासारखे हात त्याच्या स्वेटरखाली घातले. तो शहारला, पण हलला नाही.

"ऊब द्यायची हौस आहे ना? मग इथे दे," ती म्हणाली. "हे वितळत नाहीत."