पंचांचे मत

"वाचून दाखवा," ताहेरा म्हणाली.

पोलीस ठाण्याच्या मोतीराम जमादारांनी पेनाला टोपण लावलं होतं. ते त्यांनी परत काढलं. "दरवेळी काय वाचाचं, ताहेराबाई? तेच तं असते."

"तेच असन तं लवकर वाचून होईन."

दुसऱ्या पंच सिंधूताई सही करून मोकळ्या झाल्या होत्या. दवाखान्यामागे त्यांची खानावळ होती आणि भात चुलीवर ठेवून त्या आल्या होत्या. "दे न बाई सही," त्या म्हणाल्या. "भात लागून राह्यला माहा."

बाईमाणसाचं प्रेत असलं की पंचनाम्याला बायका लागतात. बायका येत नाहीत. तालुक्याच्या दवाखान्याच्या फाटकासमोर, लिंबाखाली, ताहेरा बांगड्या विकायची. जवळ होती म्हणून कधीतरी तिला बोलावलं आणि ती आली. आली म्हणून पुन्हा बोलावलं. जळालेल्या, विहिरीतून काढलेल्या, साप चावलेल्या बायका तिने पाहिल्या. घरी जाऊन ती जेवायची. पहिल्या एक-दोन वेळा जेवण गेलं नव्हतं, नंतर जाऊ लागलं. पंचनाम्याच्या दिवशी ती माहेरच्या किंवा सासरच्या कोणाचा चहा घेत नसे. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

त्या वर्षी फवारणीची प्रेतं जास्त होती. बीटी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि तरीही बोंडात गुलाबी अळी शिरली होती. लोक औषधात औषध मिसळून वरच्या दिशेने मारत होते. ते खाली त्यांच्याच तोंडावर येत होतं.

जमादार वाचू लागले. मयत पूनम, वय तीस, राहणार डोणगाव. अंगावर जखम नाही. गळ्याभोवती व्रण नाही. "पंचांच्या मते मयतास कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन मरण आले असावे."

"हे कोनं सांगतलं?"

"तिच्या सासूनं. सकाळी फवारालेच गेलती."

"सासू पंच हाय का?"

जमादार हसले. सिंधूताई हसल्या नाहीत.

महिला शिपाई बंदोबस्ताला गेली होती, त्यामुळे प्रेताच्या खोलीत फक्त या दोघीच गेल्या होत्या. सिंधूताई दाराशी नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. चादर ताहेराने उचलली. पूनमच्या अंगावर मोरपंखी लुगडं होतं, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. केस ओले आणि विंचरलेले. फवारणाऱ्या बाईची पाठ गळक्या पंपाने भिजलेली असते, बोटांचा वास चार दिवस जात नाही. ताहेराने बोटांचा वास घेतला होता. अंगाच्या साबणाचा होता. मनगटातल्या बांगड्या आपल्याकडच्या आहेत का, ते तिने आठवून पाहिलं नाही.

"अंगावर नवं लुगडं होतं," ती म्हणाली. "आंग धुतेल होतं. हे काऊन नाही लिहिलं?"

व्हरांड्याच्या एका टोकाला पूनमचा भाऊ सहदेव उभा होता. तो तरातरा पुढे आला. "लिहा! हेच लिहा! धुऊन आणली साहेब, पुरावा मिटवला! लग्नाले नऊ वर्सं झाले, मूल नाही म्हून रोज टोमणे मारत. यायनंच पाजलं तिले. बाई, तुमी आत पाह्यलं ना? तोंडाले औषधाचा वास होता, सांगा."

"तोंडाले कायचाच वास नव्हता, भाऊ. हाताले साबनाचा होता."

"म्हंजे तुमी त्यायच्याकडून."

"मी कोनाकडून नाही."

दुसऱ्या टोकाला पूनमची सासू अन्नपूर्णाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. तिच्या शेजारी तिचा मुलगा गणेश फरशीकडे पाहत बसला होता. बायको शेतात पडली तेव्हा तो बाजारात होता. अन्नपूर्णाबाई उठली नाही, बसूनच बोलली.

"मी धुतलं तिले, ताहेराबी. वावराच्या धुऱ्यावर पडेल दिसली मले. ओकली होती, लुगडं समदं भरलं होतं. जीपमदी चार गडी, दवाखान्यात परके मानसं. तशी कशी आनू? सून हाय माही. साबन लावून दोन बादल्या पानी टाकलं, पेटीतलं लुगडं नेसवलं. तवर बोलत होती. म्हने, आत्या, थंडी वाजून राह्यली."

"अन् अंगावरचे कपडे?"

"धुतले ना. वाळू घालून आली."

जमादारांनी डोळे मिटून घेतले. ते कपडे असते, तर त्यांच्या पाठीला औषधाचा वास असता, आणि मग कोणाला काही विचारावं लागलं नसतं.

"शेतात आनखी कोन होतं?" त्यांनी विचारलं.

"कोनीच नाही. आमी दोघीच."

मग ते ताहेराला बाजूला घेऊन गेले. आवाज खाली आणून बोलले. "मले बाई खरी वाटते."

"मलेबी वाटते."

"भाऊ तं नवऱ्याच्या नावानं फिर्याद देनारच हाय. पंचायनं फवारणी म्हटलं तं मी साहेबाले सांगू शकतो. नाही म्हटलं तं पोरगा आजच आत जाते. समजते न तुमाले?"

"समजते."

"मंग?"

ताहेराने व्हरांड्याकडे पाहिलं. गणेश अजून फरशीकडेच पाहत होता. "फवारताना मी नाही पाह्यली तिले," ती म्हणाली. "पितानाबी नाही पाह्यली. लिहा. कपडे बदलेल होते, आंग धुतेल होतं. मरन कशानं आलं ते पंचायले सांगता येत नाही."

जमादारांनी नवा कागद घेतला. सिंधूताईंना दुसऱ्यांदा सही करावी लागली. फाटकाबाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "दोन शब्द लिहू देले असते तं काय बिघडलं असतं तुह्यं?"

"आत तुमची पोरगी असती तं कोनाचे दोन शब्द लिहिले असते, ताई? भावाचे का सासूचे?"

 सिंधूताई भाताकडे गेल्या.

संध्याकाळी गणेशला नेलं. व्हिसेरा तपासणीला गेला. त्याचा अहवाल लवकर येत नसतो, तसा तो आला नाही. डोणगावच्या बायका ताहेराला टाळून पुढच्या चौकातल्या दुकानात बांगड्या भरू लागल्या. त्यानंतर दोनदा शिपाई पंच म्हणून बोलवायला आला. ताहेरा गेली.

पऱ्हाट्या उपटून झाल्या, रानं उघडी पडली. ऊन तापलं होतं तेव्हा एका सकाळी अन्नपूर्णाबाई बसमधून उतरली आणि लिंबाखाली आली. हातात फडक्यात बांधलेला डबा होता.

"बसू का?"

ताहेराने बांगड्यांचे खोके एकावर एक ठेवून चटईवर जागा केली. अन्नपूर्णाबाई डबा मांडीवर घेऊन बसली. समोरच्या रस्त्याने कोर्टाकडे माणसं जात होती.  एक गिऱ्हाईक आलं, भाव विचारून गेलं.

"तारीख हाय आज," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "बुलढाण्याच्या जेलातून आनतेत त्याले."

"हो."

"तुलेबी बोलावतीन म्हने. साक्षीले."

"बोलावतीन."

"वकील म्हनते, सुटन तं त्या ओळीवरच सुटन. पंचायले सांगता येत नाही, त्या ओळीवर. फवारनी लिहिलं असतं तं म्हनले असते, सासूनं सांगून लिहिलं." तिने फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "आता माह्याकडं पाहून दुसरं काही सांगू नको, बाई. होतं तेच सांगजो."

"दुसरं काय सांगू, काकू."

पोलिसांची गाडी आली. अन्नपूर्णाबाई ताहेराच्या खांद्यावर हात टेकून उठली. ती रस्त्यापर्यंत पोचली तोवर गाडी पुढे निघून कोर्टाच्या बाजूला वळली होती. खिडकीच्या जाळीमागे कोण होतं ते दिसलं नाही. अन्नपूर्णाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि डबा सांभाळत, घाई न करता, उन्हातून गाडीच्या मागे चालू लागली.