पाठमोरी चंपा

माझा भाऊ धम्मपाल चित्रकार आहे आणि वीस वर्षं तो एकाच बाईला रंगवतोय. ती बाई म्हणजे आमची आई, चंपा. डोक्यावर घमेलं, वाकलेली पाठ, बांधकामाच्या फळीवरून वर चढणारी. चित्रं पार दिल्लीपर्यंत जातात, लोक समोर उभे राहून डोळे पुसतात. आईची खरी पाठ मात्र मी चोळते. रोज सकाळी गरम तेलानं, आणि मग धावतपळत भंवरकुआं भागात, कोचिंग क्लासच्या चौकशीच्या खिडकीवर बसायला. थकले बाई मी. पण सांगू कुणाला?

गेल्या सोमवारी सकाळी दादा घरी आला. आम्ही राहतो सुदामा नगरात. इथलीच कितीतरी घरं आईनं विटा वाहून उभी केलीत.

"पिंकी, रविवारी प्रदर्शन आहे. सगळी आईचीच चित्रं. उद्घाटन तिच्याच हातून."

"तिला विचारलंस?"

"यात काय पूछना?"

आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाही येणार."

"का गं? तबियत ठीक नाही?"

"तबियतीला काय धाड भरलीय? चारचौघांत मला माझीच पाठ दाखवायला नेतोस? मला तोंड नव्हतं का रे, धम्मू?"

दादा खालीच बसला. "आई, मी वाळूच्या ढिगावर बसायचो. तू वर चढायचीस. मला खालून तेवढंच दिसायचं."

"आणि चौदा एप्रिल? तो नाही दिसला?"

वर्षातून त्या एका दिवशी आई कामावर जात नसे, ठेकेदार कितीही बोंबलो. पांढरी साडी नेसून अख्ख्या वस्तीबरोबर महूला जायची. निळा झेंडा तिच्याच हातात. मान इतकी ताठ, की बाया चिडवायच्या, "चंपे, लचकेल गं मान!" दादा तिच्या पदराला धरून चालायचा, मी कडेवर.

"आठवतं सगळं," दादा म्हणाला. "पण..."

माझं डोकंच फिरलं. "पण काय? ताठ बाई बघून कोण रडणार? तुला पाठच लागते!"

बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं. दादाची दाढी पांढरी झालीय, हे मला तेव्हाच नीट दिसलं.

"तीनदा बसलो तो चेहरा काढायला," तो हळूच म्हणाला. "तीनदा कागद फाडला. नाही जमत गं. हात आपोआप पाठच काढतो. मी पण थकलोय, पिंकी."

आईनं मटाराचं ताट बाजूला सारलं. "साडी आण माझी. पांढरी."

दाराबाहेरच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत तिला बसवलं, दादा कागद-पेन्सिल घेऊन समोर बसला. तिनं ताठ व्हायचा प्रयत्न केला. पाठ जेमतेम चार बोटं उचलली आणि परत खाली आली. पुन्हा केला. घाम फुटला तिला.

"आई, असू दे, जशी आहेस तशीच काढतो."

"तशी वीस वर्षं काढलीस की!"

मग मी मागे गेले, दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले आणि हळूहळू मागे ओढले. हाडं कटकटली. ती कण्हली, पण हनुवटी वर आली. कोचिंगला फोन करून सांगितलं, आज नाही येत. अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं तिला सोडायचं, पुन्हा धरायचं. दुपारपर्यंत हेच चाललं. माझे हात भरून आले, ती थरथरत होती, आणि दादा कागदावरून सारखी मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत होता.

शेवटी त्यानं कागद आईसमोर धरला. मी मागून वाकून पाहिलं. तीच मान होती, झेंडा धरणारी. आणि दोन्ही खांद्यांवर माझे हात, तेलानं चमकणारे, नखांत हळद अडकलेले.

"माझे हात कशाला काढलेस? खोड ते. सगळी शान घालवलीस."

दादानं रबर उचललं. आईनं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. ते खोडलेस तर मी पुन्हा वाकेन." मग मनगट सोडून म्हणाली, "हे प्रदर्शनाच्या दारातच लाव. मग येते रविवारी."

मी डोळे पुसले आणि तिच्या पाठीसाठी तेल गरम करायला आत गेले.