टिलफर्ड वकिलांची पडशी

मी एक जुनी कातडी पडशी आहे. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी. माझ्या एका कप्प्यात कायद्याची पुस्तकं असत, दुसऱ्यात सदरे आणि अशिलांचे कागद. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका खोगीर शिवणाऱ्याने एकाच बैलाच्या कातड्यातून आम्हा दोघी बहिणींना शिवलं. मला ऑरिन टिलफर्ड वकिलांनी नेलं, बहिणीला लेव्ही बॅसेट वकिलांनी.

मित्रांनो, तेव्हा न्यायालयच गावोगाव फिरायचं. पुढे जज्जसाहेब, मागे वकिलांचे घोडे, आणि चिखल तर विचारूच नका. दिवसा एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे वकील रात्री खाणावळीत एकाच पलंगावर घोरत. आम्ही बहिणीही एकाच खुंटीवर असायचो.

टिलफर्डांना लोक मानत. तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवर उभे राहून ते भाषणं करू लागले, आमदार झाले आणि पुढे खासदार होऊन थेट वॉशिंग्टनला गेले. तिकडे न्यायला त्यांनी नवी पेटी घेतली आणि मला घरच्या तबेल्यात टांगलं. दोन वर्षं उंदरांनी माझे पट्टे कुरतडले. पुढच्या निवडणुकीत विरुद्ध पक्षाचे बॅसेट "टिलफर्ड चोर आहे" असं सांगत हिंडले आणि मालक पडले. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. मालकांनी मला झटकलं, तेल लावलं आणि आम्ही पुन्हा वाटेला लागलो.

पहिलाच खटला मर्सी हॅडली या विधवेच्या शेताचा होता. तिचं खरेदीखत माझ्या पोटात होतं. त्याची नक्कल कुठेच नव्हती. विरुद्ध बाजूला बॅसेट! आदल्या रात्री दोघे नेहमीसारखे एका पलंगावर झोपले आणि सकाळी घाईत बॅसेटांनी बहिणीऐवजी मलाच खांद्यावर टाकलं.

कोर्टाबाहेर शेकोटीजवळ बसून त्यांनी मला उघडलं. खरेदीखत हातात घेतलं, नाव वाचलं. समोर विस्तव धगधगत होता. माझा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी कागद होता तसा आत ठेवला, शेजारची मक्याची भाकरी मात्र काढून घेतली.

कोर्टात मालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बहिणीच्या पोटातून बॅसेटांचे लोकरी मोजे निघाले होते ना! तेवढ्यात बॅसेटांनी मला टेबलावर आदळलं.

"ही घे तुझी पडशी. भाकरी मी खाल्ली. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे."

"अरे, गावभर मला चोर म्हणत होतास की!"

"ते निवडणुकीतलं. हे कोर्टातलं."

"झालं का तुमचं?" जज्जसाहेब खेकसले. "कागद दाखवा."

शेत हॅडलीबाईंकडेच राहिलं. त्या डोळे पुसत बॅसेटांना म्हणाल्या, "भाकरी माझ्या हातची होती, साहेब. मीठ कमी पडलं का?"

"छे हो बाई, भाकरीच कमी पडली."

सगळं कोर्ट हसलं. मला तर इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, आमच्यासारख्यांना खुंटीवर कुजवू नका, अधूनमधून तेल लावा. आणि दुसऱ्याची पिशवी चुकून हाती आली, तर खटला पुकारायच्या आत परत करा. भाकरी खाल्लीत तरी चालेल.