दादाचा जास्तीचा चंद्र

घड्याळजीचा थोरला भाऊ, चष्मेवाला दादा, जाऊन वर्ष झालं, तरी वहिनीच्या मनातला काटा काही निघाला नव्हता. शेवटी शेवटी दादा गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून बसायचा आणि म्हणायचा, शनीला आणखी एक चंद्र आहे. आपण होऊन साडेसाती गच्चीवर आणली, असं घड्याळजीच सगळ्यांत मोठ्यानं हसून सांगत सुटला होता. डोकं फिरलंय म्हणून दुर्बीण माळ्यावर टाकली, तीही त्यानंच. तेव्हापासून दादानं त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

आता वहिनीचा हट्ट एवढाच होता: एकदा त्या शनीचा फोटो काढा आणि सांगा, माझा नवरा वेडा होता का.

माळ्यावरची दुर्बीण काढून, तिला कॅमेरा जोडून घड्याळजी दिवेलागणीनंतर गच्चीवर बसला. शनीच्या झगझगाटात त्याचे फिकट चंद्र बुडून जातात, म्हणून दादानंच कापलेली काळ्या पत्र्याची पट्टी भिंगापुढे सरकवून त्यानं शनीला झाकलं. ओळखीचे चंद्र फोटोत उमटले. बाजूला एक ठिपका जास्तीचा होता.

हे कॅमेऱ्याचंच पाप, असं म्हणून त्यानं कॅमेरा आडवा फिरवला. दोष कॅमेऱ्यात असता तर ठिपका फोटोत जागचा हलला नसता. हा बाकीच्या चंद्रांबरोबर फिरला. म्हणजे आकाशातलाच. दादा खरा होता! घड्याळजीला भडभडून आलं.

राहता राहिला रिवाजाचा शेवटचा फोटो. तो दुर्बिणीच्या तोंडाला झाकण लावून काढायचा. त्यात काळोखाशिवाय जे दिसेल ते कॅमेऱ्यातलं, ते मग वजा करायचं. त्यानं झाकण घट्ट बसवलं. फोटोत शनी नाही, चंद्र नाहीत. ठिपका मात्र होता, मघापेक्षा मोठा. त्यानं पुन्हा फोटो काढला. ठिपका आणखी मोठा झाला होता.

वहिनी वर आली, तेव्हा त्याचा हात झाकणावरच होता. धूळ होती, असं सांगून मोकळं व्हावं, असं त्याला फार वाटलं. पण एकदा त्या माणसाला खोटं पाडून झालं होतं.

"वहिनी, दादा वेडा नव्हता."

ती कठड्याला टेकून खाली बसली आणि वर्षभराचं रडली. मग डोळे पुसून तिनं झाकणाकडे पाहिलं.

"तेही झाकण लावूनच बघायचे, भावजी. तुम्ही दुर्बीण नेलीत ना, त्या दिवशी मला म्हणाले, नेऊ दे, आता तिची गरज नाही. नुसतं वर बघितलं तरी दिसतो."

घड्याळजीनं मान खाली घातली. जिना उतरून घरात जाईपर्यंत त्यानं ती वर केली नाही.