चारशे वर्षांपूर्वीचा साबुदाणा

रिसोडजवळच्या त्या मठात गुरुवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. इंद्रभान महाराजांनी पोथीतलं कोरं पान उचललं, पिवळं तीर्थ शिंपडलं, आणि कागदावर रक्तासारखी लाल अक्षरं उमटली! गर्दीनं कपाळं जमिनीला टेकली.

“चारशे वर्षांमागं निरंजनस्वामींनी लिहून ठेवलं,” महाराज डोळे मिटून वाचू लागले. “औषध वर्ज्य. एकवीस दिवस निव्वळ साबुदाणा.”

प्रयागबाईनं नात कुशीत ओढली. नऊ वर्षांच्या राधिकेला फिट्स येत. डॉक्टरांच्या गोळ्यांनी वर्षभर एकही आली नव्हती. चार दिवसांपूर्वी पोथीनं गोळ्या थांबवल्या आणि काल पोर चुलीपाशी कोसळली. केस जळाले, जीव वाचला. तरी आजही पोथी तेच सांगत होती.

सुचिताताईंना राहवेना. वाशीमच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवत. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या मठांच्या पोथ्या वाचण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. ही पोथी पाहायलाच त्या आल्या होत्या, उपाशीपोटी, गुरुवारचा नेम सांभाळून.

“महाराज, मी उपासाला साबुदाणा खाते. पण तो ज्या कंदापासून बनतो, तो परदेशातून आला, इकडं तर स्वामींच्या बराच नंतर. त्या काळच्या एकाही पोथीत मला साबुदाणा भेटला नाही.”

मागून मठातले जुने भक्त पुंजाजी हसले. “ताई, स्वामी त्रिकालज्ञानी होते! पुढचं दिसे त्यायले!”

टाळ्या पडल्या. वीस वर्षांचा अभ्यास एका वाक्यात पालथा. वर्गातही असंच होई. मुलं पेपरात बरोबर लिहीत आणि बाहेर पडताच गंडा बांधून घेत. सुचिताताईंना रडू यायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात त्यांना महाराजांच्या धोतरावरचे तीर्थाचे डाग दिसले. हळद!

त्यांनी प्रयागबाईला हात धरून मठामागच्या तिच्या घरी नेलं.

“मावशी, हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं?”

“लाल होते. काहून?”

“धुण्याचा सोडा आहे घरात?”

पाण्यात सोडा कालवून त्यांनी काडी तिच्याच हाती दिली. प्रयागबाईनं वहीच्या कागदावर नातीचं नाव लिहिलं. उन्हात पाणी वाळलं, पान कोरं झालं. ते घेऊन दोघी नातीसह मठात परतल्या.

“यावर तीर्थ शिंपडा, महाराज.”

“अपवित्र कागदावर तीर्थ चालत नाही!”

प्रयागबाईनं सरळ तीर्थाच्या तांब्यात बोटं बुडवली आणि शिंतोडे उडवले. लालभडक उमटलं: राधिका.

“जादूटोणा!” महाराज किंचाळले.

“मंग तुमचं काय व्हतं? मी त सोड्यानं लिवलं,” प्रयागबाई म्हणाली. तिनं नातीला उचललं आणि गोळी द्यायला घरची वाट धरली.

पुंजाजींनी मात्र सुचिताताईंचे पाय धरले. “माय, तुमच्यातबी स्वामी संचारले!”

“उठा आधी!” हळू बोलणाऱ्या सुचिताताईंचा आवाज फाटला. “माझ्यात काही नाही हो! सोडा आहे, सोडा! देवाला मीही रोज हात जोडते. देवानंच डोकं दिलंय ना? मग ते नुसतं टेकायलाच का?”

दोघं-तिघं अजून पोथीलाच हात लावून नमस्कार करत होते.

म्हणून तुम्हाला सांगणं इतकंच: कुणी कोरं पान लाल करून दाखवलं, तर पाया पडण्याआधी हळद आणि सोडा घेऊन घरी करून पाहा. आणि लेकराची गोळी बंद करायची का, हे पोथीला नाही, डॉक्टरला विचारा.